एका दमाचे आबा

लोणावळ्याच्या स्टेशनावरून बाजारपेठ किती लांब, असं कुणी विचारलं तर आपण ‘ही काय, पलीकडंच’ म्हणून हात हलवतो. आबा सांगायचे, “तीन दम.” बाजारपेठेपासून तुंगार्लीचं तळं अकरा दम, आणि तळ्याखालच्या नळापासून वरची वाडी सहा दम, पण ते चढाचे सहा. हवापालटाला आलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी हे माप ऐकून घेतलं, छाती भरून श्वास कोंडला आणि तळ्याकडे निघाले. दुसऱ्या वळणावर ते दगडावर बसलेले सापडले. आबांनी त्यांना टांग्यात बसवून दिलं आणि वर समजावलं, की दम तोंडाने बोलत न्यायचा असतो, असा मुकाट्याने कोंडायचा नसतो.

दम म्हणजे हुतूतूतला दम. ‘हुतूतूतूतू’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, जमेल तेवढे गडी शिवायचे आणि आवाज तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. आवाज तुटला आणि पलीकडच्यांनी शिवलं की गडी मेला, बाहेर जाऊन बसला. आमच्याकडे चढाईवाल्याने शिवलेला गडीही तिथल्या तिथे मेला, त्याने मग पकडीसाठी उभं राहायचं नाही. आबांचं आयुष्य मी जेवढं पाहिलं तेवढं सगळं या एका श्वासावर चाललं होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्या नावाची माणसं मावळात गावोगाव आहेत आणि सगळ्यांचे नातू उद्या माझ्या दारात येतील. तिशीपासून लोक त्यांना आबाच म्हणत. माणूस बुटका, खांद्यांत रुंद, पाय किंचित फेंगडे, आणि मिशा मात्र एखाद्या उंच माणसाला शोभाव्यात अशा. रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये ते फिटर होते. घाट चढायला गाडीच्या मागेही इंजिन लावायचे ते दिवस. खालून चढून आलेलं इंजिन शेडमध्ये धापा टाकत उभं राहिलं की आबा त्याच्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, “बास आता, पोचलास.” पुढे विजेची इंजिनं आली. अख्खं लोणावळं बघायला लोटलं. आबाही गेले, दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले आणि परत आले. “ह्येला दमच न्हाई, नुसतं सरकतंय,” एवढाच त्यांचा शेरा. नोकरी त्यांनी नंतरही इमानाने केली, पण विजेच्या इंजिनाची पाठ थोपटताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

तरुणपणी त्यांच्यासारखा चढाईचा गडी मावळात नव्हता म्हणतात. जत्रांमध्ये त्यांच्या चढाया वर्णन करणारे म्हातारे मला भेटले आहेत, आणि त्या वर्णनांत आबांनी एका दमात शिवलेल्या गड्यांची संख्या दर साल एकाने वाढत असे. गुडघा निखळल्यावर त्यांनी खेळ सोडला आणि स्वतःचा संघ उभा केला. शेडमधले फायरमन, भातखाचरांत राबणारी कुणब्यांची पोरं, एक शिंपी, तुंगार्लीवरच्या ठाकरवाडीतला बुधा असे चौदा जण त्यात होते. काही दिवस मीही होतो.

आबांचा राग दोन तऱ्हेच्या माणसांवर होता. एक, चोरून दम घेणारा. थोरल्या मुलीला पाहायला तळेगावाकडचा एक मुलगा आला होता. घरचं चांगलं, मुलगा नाकीडोळी नीटस. पोहे झाल्यावर आबांनी त्याला अंगणात नेलं आणि दम घ्यायला लावला. मुलाने घेतला, चांगला गोठ्यापर्यंत जाऊन परत येईतो घेतला. आबांनी सोयरीक मोडली. नाकातून चोरून श्वास ओढतो म्हणाले, असला माणूस संसारात काय काय ओढील सांगता येत नाही. दुसरा मुलगा दहा पावलांत खोकत खाली बसला आणि ‘माझ्याच्यानं न्हाई व्हायचं’ म्हणाला. लग्न त्याच्याशी झालं. संसार उत्तम चालला आहे, जावई अजून खोकतो.

दुसरा राग शिवलं गेल्यावरही उभं राहणाऱ्यावर. आमच्या संघात कायदाच होता, की आपल्याला शिवलं तर आपणच हात वर करायचा आणि आपल्या पायांनी बाहेर जायचं. पंचाने पाहिलं असो नसो. इतर संघ याला हसायचे. पंच मात्र आमच्या सामन्याला आनंदाने यायचे, कारण त्यांना निम्मंच काम असे.

मला जन्मतः हस्ताक्षर चांगलं मिळालं आणि छाती वाईट. डॉक्टरांनी मोकळ्या हवेतला खेळ सांगितला. मी बुद्धिबळाबद्दल विचारून पाहिलं, ते त्यांनी मानलं नाही. म्हणून मी आबांच्या संघात गेलो, आणि आपल्या तुटपुंज्या ताकदीच्या मानाने दोन मोसम बरा टिकलो. दुसऱ्या मोसमात चैत्रातल्या एका जत्रेत शेवटचा सामना आला. आमच्याकडून बुधा आणि मी दोघंच उरलो होतो. त्यांचा गडी चढाईला आला, माझ्या अंगावरून गेला आणि जाता जाता त्याचं बोट माझ्या टाचेला निसटतं लागलं. पंचाने पाहिलं नाही, त्या गड्यालाही कळलं नसावं. मी उभा राहिलो. मी अजून खेळात आहे असं समजून तो माझ्या बाजूने सावध राहिला, आणि तेवढ्यात बुधाने त्याचा पाय धरला. आम्ही जिंकलो. बक्षीस पितळेची मोठी घागर होती.

परतताना बैलगाडीत आबा माझ्या शेजारी बसले. सगळे आरडाओरडा करत होते. त्यांनी हळूच विचारलं, “टाचंला लागलं व्हतं का रं?” मी म्हटलं, “नाही, आबा.” ते म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर खांद्यावर घेऊन ते एकटेच चार कोस चालत गेले आणि त्या गावाला देऊन आले. आमच्या मोजण्यात चूक झाली, एवढंच तिथे सांगितलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, संघातूनही काढलं नाही. उलट सरावाला नावं घेताना पहिलं माझं घ्यायचे. ते मला सोसेना. मोसम संपल्यावर मी खेळ सोडला आणि घरी सांगितलं, की छाती बरी झाली.

पुढे मला म्युनिसिपालटीत कारकुनी मिळाली आणि आबांचा सराव मी कडेला बसून पाहू लागलो. तो पाहण्यासारखाच होता. लोणावळ्यात चार महिने पाऊस असा कोसळतो की माणसाला पाणी नकोसं होतं, पण ठाकरवाडीचा झरा शिमगा झाला की आटायचा. तळ्यातून निघालेला म्युनिसिपालटीचा नळ वाडीच्या पायथ्याला वळसा घालून बंगल्यांकडे जायचा. वाडीच्या बायका खाली येऊन रस्त्यावरच्या तोटीवर भरायच्या आणि तो उभा चढ डोक्यावर हंडे घेऊन चढायच्या. बुधा सरावाला रोज उशिरा यायचा. आबांनी एकदा चांगलं झापलं, तेव्हा कळलं, की त्याची बायको पोटुशी आहे आणि पाणी तो भरतो. आबा दुसऱ्या दिवशी स्वतः तो चढ चढून आले. चढताना दम मोजला असणारच.

त्यानंतर शिमग्यापासून मृगापर्यंत सरावाची तऱ्हाच पालटली. सकाळी चौदा गडी तोटीवर घागरी भरायचे, खांद्यावर घ्यायचे आणि तोंडाने हुतूतू म्हणत चढायला लागायचे. पहिला दम जांभळीपर्यंत, तिथे थांबायचं, दुसरा खडकापर्यंत, असे सहा. पाणी हिंदकळलं तर चालेल, आवाज तुटता कामा नये. आवाज तुटला तर पुन्हा मागच्या खुणेपासून. वाडीत एक म्हातारी होती, सगळे तिला मावशी म्हणत. पहिल्या दिवशी हे चौदा धटिंगण गुणगुणत वर येताना पाहून तिने दार लावून घेतलं होतं. महिन्याभरात ती दारात बसून कानाने पारख करू लागली. “आज त्यो तिसरा लौकर तुटला, आबा. त्येला रातच्याला दूध पाजा,” असं सांगायची. आबा तिचं ऐकायचे. वाडीचं पाणी भरायचं आणि गड्यांच्या छात्या भरायच्या. चैत्रातल्या जत्रांत आमच्या संघापुढे कुणी टिकेना. दुसऱ्या संघांनी बदाम खाऊन पाहिले, जोर-बैठका वाढवून पाहिल्या. आमचं गुपित उघड्या चढावर रोज सकाळी चाललेलं असे, पण घागर उचलायला कोण येतो.

एवढं असून आबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की वाडीला नळ पाहिजे. त्यांचं म्हणणं, चौदा गड्यांच्या लहरीवर बायकांची तहान कशाला? आज मी आहे, उद्या नसेन. त्यासाठी ते म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि, बाजारपेठेला गंमत वाटली म्हणून म्हणा, निवडून आले.

पहिल्या सभेला ते फेटा बांधून आले. दाराशी वहाणा काढल्या, उंबऱ्याआतल्या फरशीला हात लावून तो कपाळाला लावला, जसा मैदानात उतरताना लावत तसा, आणि अध्यक्षांना पंच म्हणून हाक मारली. मी सभेचा वृत्तान्त लिहायला कोपऱ्यात बसलो होतो. थोड्याच वेळात माझी खरी परीक्षा सुरू झाली. आबा भाषण एका दमात करायचे. उभे राहायचे, छाती भरायचे, सुटायचे, आणि श्वास संपला की वाक्य कुठेही असो, खाली बसायचे. अध्यक्ष म्हणाले, “पुरं करा की.” आबा म्हणाले, “दम सुटला न्हवं. आता म्होरल्या बैठकीला.” वृत्तान्ताच्या वहीत मला लिहावं लागलं, ‘मेंबरांनी सांगितलं, की वाडीच्या बायांना उन्हाळ्यात’. अशी सात-आठ अर्धी वाक्यं त्या वह्यांत असतील. नंतरच्या कुणा चांगल्या कारकुनाने ती माझ्या आळसाच्या खाती टाकली असणार. अध्यक्ष स्वतः अर्धा-अर्धा तास बोलत. तेवढा वेळ आबा बोटांवर काहीतरी मोजायचे. अध्यक्षांना वाटायचं, मुद्दे मोजताहेत. ते अध्यक्ष किती वेळा मेले हे मोजत असत.

नळाचा ठराव त्या मुदतीत तीनदा आला आणि तिन्ही वेळा एका मताच्या फरकाने पडला. वर फाटा काढला तर बंगल्यांच्या पाण्याचा जोर कमी होईल, असं बाकीच्यांचं म्हणणं. मग नवी निवडणूक आली. दुसऱ्या एका पेठेतून नळाच्या बाजूचा एक मेंबर नक्की येणार होता, म्हणजे आबा पुन्हा आले की ठराव पास. हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून बंगलेवाल्यांनी आबांच्या विरुद्ध लाकडाच्या वखारीचे मालक उभे केले. वखारवाले तसे वाईट नव्हते. लठ्ठ, हसतमुख, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नसलेले. त्यांची सगळी गिऱ्हाइकं बंगल्यांत होती.

मतदानाच्या दिवशी मी शाळेत यादी घेऊन बसलो होतो. घरपट्टी भरणाऱ्यालाच मत होतं, त्यामुळे वाडीची मतं मोजून चार. माणूस यायचा, नाव सांगायचा, मी यादीवर खूण करायचो, आणि लिहिता न येणारा आत बाहेरगावच्या अधिकाऱ्याला उमेदवाराचं नाव सांगून मत द्यायचा. सकाळी बुधा आला आणि मत देऊन गेला. दुपारी तो पुन्हा आला, समोर उभा राहिला आणि आपल्या थोरल्या भावाचं नाव सांगितलं. भाऊ देहूरोडच्या डेपोत कामाला होता, लढाईचे दिवस, रजा मिळाली नव्हती.

बुधाच्या मनात पाप नव्हतं. जत्रांमध्ये पंचाकडे नावं आधी द्यावी लागत. ऐन वेळी कुणी आलं नाही तर दुसरा त्याच्या नावाने उतरायचा, त्याला बदली गडी म्हणायचे, आणि त्यात कुणाला गैर वाटायचं नाही. बुधा आजवर निम्म्या संघाच्या नावाने खेळला होता, आज भावाच्या नावाने खेळायला आला होता. पाप माझ्या मनात होतं. मी त्याला दोन वर्षं खांद्याला खांदा लावून ओळखत होतो. मी मान खाली घातली आणि यादीवर खूण केली.

आबा एका मताने निवडून आले.

गुलाल उधळला, बाजारपेठेतून मिरवणूक निघाली, कुणीतरी टोपलीभर गुडदाणी वाटली. दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर सगळे जांभळीखाली बसले होते, मीही होतो. सभा आठ दिवसांवर आली होती. बुधा खुशीत म्हणाला, “दादाचं मत बी म्याच टाकलं, आबा. बदली.” पोरं हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कुनी हटाकलं न्हाई?” बुधाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेचा अंगठा नीट करत होतो. “उद्याच्याला मामलेदाराकडं जायाला पायजे,” म्हणत आबा उठले.

मी त्यांना घरी जाऊन गाठलं. काकुळतीला येऊन सांगितलं, की आठ दिवस थांबा. ठराव होऊ द्या, मग काय ते सांगा. कुणाला कळलेलं नाही, वखारवाल्यांनाही शंका नाही. आबा चिलमीची राख झाडत होते.

“मेल्याल्या गड्यानं शिवलं तर समूरचा मरतो का?”

“हा खेळ नाही, आबा.”

“म्हूनच इचारतोय. त्यो नळ उद्या कुनीबी उपटून टाकंल. म्हनंल, मेल्यालाच मेंबर व्हता.”

मी म्हटलं, “आणि मावशीला काय सांगणार?” राख झाडून संपली होती तरी चिलीम आपटत राहिले. मग उठले आणि कुठे न जाता सरळ वाडीत जाऊन मावशीला सगळं सांगून आले. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, उद्या पाणी घेऊन पोरं येणार ना? येणार, आबा म्हणाले. मग झालं, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडगावला मामलेदार कचेरीत गेलो. मी का गेलो मला माहीत नाही. घरी बसवेना म्हणून गेलो. तिथल्या अव्वल कारकुनाने अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, तक्रार कुणाची? माझी, आबा म्हणाले. कुणाविरुद्ध? माझ्याच. त्याने टाक खाली ठेवला. हरलेला माणूस तक्रार करतो ही रीत त्याला माहीत होती. जिंकलेल्याने स्वतःविरुद्ध तक्रार करण्यासाठी कचेरीत नमुना नव्हता. तासभर कागद उलटेपालटे करून शेवटी त्याने आबांचं नाव दोन्हीकडे लिहिलं.

चौकशीला मामलेदारसाहेब लोणावळ्यात आले. म्युनिसिपालटीच्या दालनात आम्ही सगळे होतो. बुधा, फेट्यात आबा, घाम पुसणारे वखारवाले आणि भिंतीशी मी. बुधाने सगळं सांगितलं, मत कुणाला दिलं तेही. साहेबांनी यादी हातात घेतली आणि विचारलं, की हा मनुष्य एका दिवसात दोनदा येतो आणि कुणाच्या लक्षात कसं येत नाही? मी उत्तर जुळवत होतो. त्याआधीच आबा उभे राहिले.

“रावसायेब, बदली गड्याची खोड म्या लावलीया. बुदाची चूक न्हाई आन् यादीवाल्याला काय ठावं? लिवायचं ते माज्या नावावर लिवा.”

त्यांना सगळं ठाऊक होतं. टाचेचंही ठाऊक होतं, इतकी वर्षं. तरी ते माझी नोकरी वाचवायला उभे राहिले होते, आणि मला इतकी लाज वाटली की पाय आपोआप पुढे झाले. कचेरीत बोलायला हात वर करायची पद्धत नाही. मी केला. म्हटलं, “साहेब, मी ओळखलं होतं.”

साहेबांनी यादीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. आबांनी मात्र पाहिलंच नाही. मी परत भिंतीशी गेलो तेव्हा त्यांनी पाठीवर एक थाप मारली. ती चार दिवस दुखत होती आणि मी ती दुखू दिली.

बुधाला तंबी मिळाली. माझी रवानगी खंडाळ्याकडच्या जकात नाक्यावर झाली, तिथे वारा कागद टिकू देत नसे. आणि ते मत वजा झाल्यावर दोन्हीकडची मतं सारखी झाली. अशा वेळी चिठ्ठी टाकतात. दोन चिठ्ठ्या तांब्यात घातल्या, साहेबांनी एक काढली आणि वखारवाल्यांचं नाव वाचलं. दालनात कुणी टाळी वाजवली नाही, वखारवाल्यांच्या माणसांनीसुद्धा. आबा गेले, वखारवाल्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “आता वाडी तुमची. सकाळी सा वाजता तोटीपाशी या.”

वखारवाले हसले. त्यांना वाटलं, बोलायची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्यांच्या दारात उभे. तिसऱ्या दिवशीही. रागाने नाही, वाद घालायला नाही. मेंबर आहेत, आपला वॉर्ड बघायला येतील, एवढाच भाव. इकडे बाजारपेठ वखारवाल्यांना ‘चिठ्ठीचे मेंबर’ म्हणू लागली होती आणि ते त्यांना झोंबत होतं. अकराव्या की बाराव्या दिवशी ते धोतर खोचून निघाले. हे सगळं मला बुधाने नाक्यावर येऊन सांगितलं. जांभळीपाशी बसले, खडकापाशी बसले, मग जागा मिळेल तिथे बसले. वर पोचले तेव्हा बोलता येत नव्हतं. मावशीने तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी घटाघटा प्यायलं आणि तांब्या पुढे केला. तिने पुन्हा भरला. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा तिने हंडा तिरका करून सगळं तांब्यात ओतलं आणि हंडा भिंतीशी पालथा घातला. वखारवाले त्या पालथ्या हंड्याकडे बघत राहिले आणि तिसरा तांब्या तसाच खाली ठेवून उतरून आले.

पुढच्या सभेत नळाचा ठराव त्यांनीच मांडला. माझ्या जागी आलेल्या कारकुनाने भाषण पूर्ण लिहून घेतलं आहे, मी ते वाचलं. चांगलं लांब आहे आणि सगळी वाक्यं पुरी आहेत. आबा प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. वखारवाले मध्ये कितीदा श्वास घ्यायला थांबले ते मात्र त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही, असं शेजारी बसलेल्या शिंप्याने मला सांगितलं. बंगल्यांकडून ओरड झाली, वखारवाल्यांची दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. पण ठराव झाला आणि दिवाळी उलटल्यावर वाडीत नळ आला. मी नाक्यावरून रजा घेऊन गेलो होतो. तोटी फिरवल्यावर आधी नुसता वारा आला, मग तांबडं पाणी, मग चांगलं. मावशीने पहिला हंडा भरून घेतला, दुसरा लावला आणि आबांना म्हणाली, आता सकाळचं करमायचं कसं?

तिला करमेल की नाही ठाऊक नव्हतं, संघाचं काय होणार ते मात्र आम्हा सगळ्यांना दिसत होतं. शिमगा आला आणि गेला. आबांनी पोरांना रिकाम्या घागरी घेऊन चढवून पाहिलं, पण वर कुणी वाट बघत नाही म्हटल्यावर पाय रेंगाळायचे. मग घागरीत वाळू भरली. एका शिंप्याखेरीज कुणी ती मनावर घेतली नाही. माणूस वाळूसाठी दम कोंडत नाही, हे आबांनाही पटलं असावं, कारण त्यांनी लवकरच तो नाद सोडला.

चैत्रात जत्रा भरली. आमचा पहिलाच सामना एका साध्यासुध्या गावाशी होता, आणि आम्ही असे हरलो की बघणाऱ्यांना दया आली. बुधाचा आवाज मधल्या रेघेपासून चार हातांवर तुटला, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं. वीस वर्षं आबांनी नोकरीबाहेर या संघाखेरीज काही केलं नव्हतं. मी धीर करून आबांकडे पाहिलं, तर ते मिशीवर हात फिरवत उभे होते.

जिंकलेल्या गावचा पुढारी आबांच्या वयाचा, त्यांच्या जुन्या चढाया पाहिलेला माणूस. तो जवळ आला आणि हळहळून म्हणाला, “आबा, पोरांचा दम कुटं गेला हो?”

आबांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आमच्या वाडीला नळ आलाय.”